निळ्या शाईतला एक शब्द

काचेचा टाक मी वणीच्या जत्रेत घेतला. तेव्हा मी मुकुटबनकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होते. टाकाच्या टोकाला पिळदार खाचा होत्या. एकदा दौतीत बुडवला की चार ओळी निघत. त्याची खरी सोय मात्र वेगळीच होती. पाण्यात खळबळला की तो स्वच्छ होई आणि लगेच दुसरी शाई घेता येई. त्यामुळे शायांच्या बाटल्या आणून पाहायचा नादच लागला. प्रत्येक शाईची मी वहीत नोंद करी: रंग कसा, वाळते किती वेळात, कागदाच्या मागे फुटते का. टिकते का, हा रकाना मी आखलाच नव्हता.

जूनमध्ये चुन्याच्या भट्टीवर काम करणारा एक गृहस्थ मुलीचं नाव घालायला आला. कुटुंबानं धम्मदीक्षा घेतलेली.

हेडमास्तर म्हणाले, "अरे, धर्माच्या रकान्यात जुनंच राहू दे. पुढं अडचण नको."

"अडचन आमची आमी पाहू, गुर्जी. आमी जे आहो ते लिवा."

"लिहा बाई," हेडमास्तर तोंड वाकडं करून म्हणाले.

मी दाखल-रजिस्टरात शाळेच्या, पुडी पाण्यात कालवून केलेल्या शाईनं ओळ लिहीत आले. धर्माच्या रकान्याशी पोचले तेव्हा त्यानं टेबलावरच्या माझ्या निळ्या शाईच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "बाई, तेवढा शबूद निळ्यानं लिवता का?" निळा त्यांच्या झेंड्याचा रंग. मला ती मागणी फार आवडली. काचेचा टाक धुतला आणि नव्या, लखलखीत निळ्या शाईत 'बौद्ध' लिहिलं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला.

दिवाळीनंतर त्याला दाखल्याची नक्कल हवी होती. रजिस्टर उघडलं. मुलीचं नाव, जन्मतारीख, बापाचा धंदा, सगळं ठळक. धर्माचा रकाना रिकामा. नीट पाहिलं तर फिकट ओरखड्यासारखं काहीतरी दिसे.

"कोनं पुसलं, बाई?" त्यानं हळू आवाजात विचारलं. हेडमास्तर वर्गावर होते. "नेमका तेवढाच काहून गेला? बाकीचं तं जसंच्या तसं हाय."

मुलीचे पुढचे सगळे दाखले याच ओळीवरून निघणार होते. मी पंधरा दिवस मागून घेतले.

मनात मात्र आरोपपत्र तयार होतं. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे. नोंदीला त्यांचा विरोध. आणि पावसाळ्यानंतर दप्तराला ऊन दाखवायच्या आठ दिवसांत नेमकं तेच पान उघडं ठेवून त्यांनी रजिस्टर ओसरीच्या उन्हात मांडलेलं मी पाहिलं होतं. लिंबाच्या रसानं शाई जाते, हे मला ठाऊक होतं. मी पान नाकाशी धरून वासही घेतला. मधल्या सुट्टीत त्यांच्या बोटांकडे बघू लागले. त्यांनी चहा विचारला तरी वाटे, आज एवढी आपुलकी कशाची?

पुरावा पक्का करावा म्हणून एका कागदावर काचेच्या टाकानं तोच शब्द चार शायांत दोन-दोनदा लिहिला. निम्म्या कागदावर पुठ्ठा बांधला आणि तो खोलीच्या छपरावर ठेवला. पुठ्ठ्याबाहेरचं एकही अक्षर उन्हानं जाणार नाही, मग लिंबूच खरं ठरेल, असा माझा हिशेब.

आठव्या दिवशी उतरवला. पुडीची शाई उलट काळी झाली होती. माझी लखलखीत निळी पुठ्ठ्याखाली शाबूत होती आणि बाहेर गेलेली.

हेडमास्तरांना सांगणं भागच होतं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"पान उघडं ठेवलं, कारण चालू वर्षाचं तेच होतं. म्हणजे बाई, पंधरा दिवस तुम्ही माझ्याकडे चोर म्हणून बघत होता?"

"आठ दिवस, सर."

"हिशेबाला पक्क्या आहात," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

बाप आला तेव्हा मी त्याच्यापुढे कागद ठेवला. "भाऊ, कोणी पुसलं नाही. चूक माझ्या शाईची, म्हणजे माझीच."

त्यानं आधी माझ्याकडे, मग हेडमास्तरांकडे पाहिलं. आम्ही दोघं मिळालेलो आहोत की काय, हे तो जोखत होता. "हा कागद तं तुमीच केला ना?"

बरोबर होतं त्याचं.

"आता निळं नको. निळं मी घरावर लावीन. इथं टिकनारं लिवा. अन् तुमी नोका लिवू, बाई. गुर्जी लिवतील. ज्यायनं नाही म्हटलं होतं, त्यायच्याच हातचं पायजे."

हेडमास्तरांनी पुडीची शाई ओढली, ठसठशीत अक्षरात 'बौद्ध' लिहिलं आणि शेजारी सही केली. बाप शाई वाळेपर्यंत उभा राहिला. मग अंगठा जिभेला लावून त्यानं अक्षरावर दाबला, उचलून पाहिला, पुन्हा दाबला.

"नक्कल देऊ ना?" मी विचारलं.

"दोन द्या," तो म्हणाला. "शिक्क्याच्या. एक घरी राहीन, एक सासुरवाडीले."