नातीच्या स्की, माझा तराजू

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो दुबईत, मॉलच्या पोटात, साठी उलटल्यावर. त्यामुळे मी स्कीबद्दल लिहिते आहे याचं कोणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मागच्या हिवाळ्यात माझ्या नातीची स्कीची जोडी माझ्या संमतीनं घेतली गेली, आणि त्या एका दुपारबद्दल मी इतक्या जणांचे आभार मानायला हवेत की लिहूनच काढलेलं बरं.

नात वीस वर्षांची. आमच्या दुबईतल्या, अल मनखूलच्या घरातच वाढली. मॉलमध्ये बर्फाचा उतार आहे, तिथे शाळेच्या सहलीबरोबर नऊ वर्षांची असताना गेली आणि त्यानंतर दर आठवड्याला जात राहिली. ती कोणतीच गोष्ट हळू करत नाही. जिन्यानं उतरायला लागली की तळमजल्यावरच्या वॉचमनला आधीच कळतं. बर्फावरही तशीच. मुलांना मागे टाकते आणि खाली थांबून त्यांची वाट बघते, म्हणजे त्यांना अजून राग यावा.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती कॉलेजच्या ग्रुपबरोबर जॉर्जियाला खऱ्या डोंगरावर गेली होती. स्की तिथेच भाड्यानं घेतल्या. तिसऱ्या दिवशी पडली आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेऊन परत आली. सहा आठवडे हात झोळीत.

स्कीला बूट धरून ठेवणारी एक पकड असते, तिला बाइंडिंग म्हणतात. माणूस पडला की तिनं बूट सोडायचा, म्हणजे पाय पिळवटत नाही. फार घट्ट असली तर पाय मोडतो. फार ढिली असली तर चालू वेगात स्की पायातून निघून जाते. हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. नात पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "स्की सुटली, म्हणून मी पडले." आम्ही सगळ्यांनी ते उलटं ऐकलं. पडली, म्हणून स्की सुटली. आणि पडली का, तर जोरात गेली म्हणून. मीही तेच म्हणाले. मुलीच्या जातीला एवढा जोर कशाला, असंही म्हणाले. म्हणाले नव्हते असं आता लिहून काय उपयोग, घरात सगळ्यांनी ऐकलं होतं.

वर्षभरानं ग्रुप परत निघाला. माझा मुलगा बांधकामाची कामं घेतो, साइटवर बोलतो तसाच घरी बोलतो. तो तिला म्हणाला, "जा. पण स्वतःच्या स्की घे, सेफ घे. आणि या वेळी पडलीस तर खलास. मॉलमध्येसुद्धा पाय ठेवायचा नाही."

नात नुसतं "हो बाबा" म्हणाली. एरवी ती उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. पोरगी खरंच घाबरली होती. पडण्याला नव्हे, बंद होण्याला.

दुकानात जायची वेळ आली तेव्हा मुलगा मला म्हणाला, "आई, तू जा बरोबर. तिच्या आईला ती दोन मिनिटांत गुंडाळते. तुला नाही गुंडाळता येत. छोट्या, मऊ आणि हलक्या स्की घ्यायच्या. लक्षात राहील ना?"

"मला काय वाणसामान आणायला पाठवतोस का?"

"तेच समज."

दुकान दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, गोदामांच्या रांगेत. बाहेर हिवाळ्यातही ऊन आणि आत भिंतभर स्की उभ्या. गाडीत नात म्हणाली होती, "सो आजी, यू आर द पोलीस टुडे."

"हो. आणि गाडी हळू चालव, नाहीतर पोलीस इथूनच परत जाईल."

दुकानाचा माणूस काश्मीरचा निघाला, चाळिशीतला. लहानपणापासून बर्फावर वाढलेला. मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "अम्माजी, स्की आपके लिए देखनी है?"

"हां, और साथ में लकड़ी भी दे दो, चिता की," मी म्हटलं. तो इतका हसला की तिथून पुढे आमचं जमलं.

नातीनं त्याला सांगितलं की सगळ्या डोंगरावर चालेल अशी स्की हवी. दाबून टणक केलेल्या बर्फावरही आणि बाजूच्या मोकळ्या, भुसभुशीत बर्फावरही. त्याला ऑल माउंटन म्हणतात. त्यानं टेबलावर तीन जोड्या आडव्या ठेवल्या. पहिली आखूड, तिच्यावर जांभळी फुलं. दुसरी लांब आणि साधी काळी. तिसरी खूप रुंद, परातीतून पीठ उचलायला बरी पडेल अशी.

मी फुलांवर बोट ठेवलं. "ये छोटी है, नरम है, हलकी है. यही दे दो. मेरे बेटे का हुकुम है."

"आजी, प्लीज. ती बिगिनरची आहे."

त्या माणसानं वाद घातला नाही. त्यानं स्कीचं टोक जमिनीला टेकवलं, वरचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मधोमध दाबा. मी दाबलं. फुलांची स्की लगेच वाकली. मग काळी दिली. जोर लावला तेव्हा कुठे जराशी हलली आणि सोडल्याबरोबर सरळ झाली. आतून धातूचा पातळ पत्रा घातलेला असतो, असं त्यानं सांगितलं. हळू जाणाऱ्याला नरम स्की चांगली, सांभाळून घेते. जोरात जाणाऱ्याच्या पायाखाली ती थरथरते आणि कड बर्फात रुतून राहत नाही.

हे मला एका क्षणात समजलं. आमचं मनखूलमध्ये फरसाणाचं दुकान होतं. नवरा गिऱ्हाईक बघायचा, मी चकल्या पाडायचे आणि माल जोखायचे. एकदा त्यानं कौतुकानं माझ्यासाठी प्लास्टिकचा सोऱ्या आणला, हलका म्हणून. घट्ट भिजवलेल्या पिठाला मी जोर लावला आणि सोऱ्या मधोमध तडकला. माझा हात मऊ करण्यापेक्षा पितळेचा सोऱ्या आणणं सोपं होतं. त्यानं दुसऱ्याच दिवशी आणला, काही न बोलता. नवऱ्याला मी त्याच्या हयातीत कधी बरं म्हटलं नाही. स्कीच्या दुकानात स्टुलावर बसून मनात म्हटलं.

"काळी," मी म्हटलं.

नातीनं माझ्याकडे पाहिलं, मग लगेच रुंदवाली उचलली. तिच्या ग्रुपमधल्या मुलांकडे तसल्या असतात. "ॲक्चुअली आजी, ही बेस्ट आहे."

तो माणूस म्हणाला, "बेटा, साल में इक्यावन हफ्ते तू मॉल की सख्त बर्फ पे चलेगी. ये वहां सिर्फ घुटने दुखाएगी." रुंद स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते, पण टणक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते. काळी मध्यम रुंदीची होती, दोन्हीकडे चालणारी. उंचीला त्यानं ती नातीच्या शेजारी उभी केली. भुवईच्या थोडी वर आली. माझ्या मुलाला हनुवटीपर्यंतची हवी होती. पण छोटी म्हणजे सेफ हे नवशिक्यासाठी. वेगात असणाऱ्याला लांबी आधार देते. नातीला त्याहूनही लांब पाहिजे होती, ती त्यानं दिली नाही. "वो दिखाने के लिए है." कोणालाच मनासारखं मिळालं नाही, तेव्हा मला त्याचा भरवसा वाटला.

किंमत अडीच हजार दिरहॅम. "म्हणजे साठ हजार रुपये," मी मोठ्यानं म्हटलं. नात म्हणाली, "आजी, डोन्ट कन्व्हर्ट." मी या देशात आले तेव्हापासून कन्व्हर्ट करते आहे, आता काय थांबणार.

राहिली पकड बसवायची. त्यासाठी एक फॉर्म. वय, उंची, वजन, बुटाचं माप, आणि तुम्ही कसे चालवता ते. सांभाळून, मध्यम की जोरात, तीनपैकी एकावर खूण करायची. त्यावरून पकड किती घट्ट ठेवायची तो नंबर ठरतो. नातीनं फोन काढला. मागच्या वर्षीचा जॉर्जियाचा फॉर्म त्यात होता, घरातले सगळे फॉर्म भरते तसा तोही तिच्या आईनं भरला होता. नात त्यावरून बघून लिहायला लागली.

"मोठ्यानं वाच," मी म्हटलं. पोलीस होते ना.

"हाइट पाच पाच. वजन बावन्न."

"कोणाचं?"

"माझं."

मी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तीस वर्षं मी तराजूजवळ उभी होते. पाव किलो शेव मी मुठीनं काढायचे आणि काटा मधोमध यायचा. "बावन्न तू दहावीत होतीस. आता त्रेसष्ट-चौसष्ट आहेस."

"आजी! सो रूड."

त्या माणसाकडे पार्सलचा काटा होता. नात त्यावर उभी राहिली. चौसष्ट.

बावन्न कुठून आलं ते मला लगेच कळलं. माझ्या सुनेला ठाण्याहून, पुण्याहून सारखे फोन येतात, मुलगी काय करते, कशी आहे, कोणाच्या नात्यात कोण मुलगा आहे. सून ठरलेलं सांगते, पाच पाच, बावन्न, गव्हाळ. बायोडेटा अजून झालेला नाही, पण आकडा तयार आहे. नातीच्या कागदांचं एक फोल्डर तिनं केलं आहे, त्यात जो आकडा आहे तोच ती सगळीकडे लिहिते.

"कैसे चलाती है, उसमें क्या लिखा था?" त्या माणसानं विचारलं. नातीनं फोन त्याच्यासमोर धरला आणि मागच्या वर्षी कशी पडली तेही सांगितलं. सांभाळून, या चौकटीत खूण होती. तेही सुनेनंच. मुलीनं जोरात चालवते असं कसं लिहायचं, कमी लिहिलेलं बरं दिसतं.

त्यानं भिंतीवरचा तक्ता बघितला, बोट खाली आणलं आणि थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्माजी, इस नंबर पे तो बच्ची जब जब जोर लगाएगी, चलती स्की पांव से निकल जाएगी. ये गिरी नहीं थी. गिराई गई थी."

नात फोनकडे बघत राहिली. "आय टोल्ड यू," ती हळू म्हणाली. "आय टोल्ड ऑल ऑफ यू."

मला माफी मागायची सवय नाही. आमच्या घरात कोणी कोणाची मागितली नाही. मी म्हटलं, "तू सांगितलंस. आम्ही ऐकलं नाही. मीही नाही." तिनं माझा हात धरला आणि लगेच सोडला, दुकानात लोक होते. वर्षभर ती खोटी ठरली होती आणि तरी दर शनिवारी मला मॉलला कॉफी प्यायला नेत होती. मी तिच्या जागी असते तर नेलं नसतं.

फॉर्म मी तिला पुन्हा भरायला लावला. चौसष्ट. जोरात.

मुलाचा फोन आलाच. "आई, छोट्या घेतल्यास ना?"

"नाही."

"मऊ?"

"नाही."

"मग तू गेलीस कशाला?"

"वजन करायला. घरी ये, सांगते."

घरी सांगितलं. सून आधी म्हणाली, "अहो आई, सगळेच थोडं कमी लिहितात."

"लग्नासाठी लिही. बर्फासाठी लिहू नकोस."

वाईट बाई नाही ती. नातीचा हात झोळीत होता तेव्हा सहा आठवडे तिचे केस हीच विंचरत होती. उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात ते फोल्डर होतं, बावन्नचा आकडा खोडलेला. मुलगा मात्र ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "बघू. पण माझं म्हणणं कायम आहे. पडली तर खलास."

जाण्याआधी नात मला मॉलच्या बर्फात घेऊन गेली, नव्या स्की बघायला. साडीवर मॉलवाल्यांचा निळा कोट, पायात त्यांचे बूट. मला खाली उभं करून ती वर गेली. एवढ्या वेगानं खाली आली की मी मागे सरले. शेवटच्या वळणावर तिनं सगळं अंग आडवं टाकलं, बर्फ माझ्या तोंडावर उडाला. स्की पायातच होती. "यल्ला आजी, चल, परत बघ," म्हणाली आणि गेली. गारठ्यानं माझे दात वाजत होते, पण मी तीन वेळा बघितलं.

मग जॉर्जिया. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिचा व्हिडिओ कॉल आला. गालावर खरचटलेलं. मुलाच्या हातातला घास तसाच राहिला.

"बाबा, आय फेल," तिनंच सांगितलं. लपवता आलं असतं.

सून माझ्याकडे बघत होती. अट अटच असते, मला माहीत आहे, मीच त्याला तसं वाढवलं आहे.

मुलानं घास ताटात ठेवला. "आधी काय झालं? स्की सुटली की तू पडलीस?"

"मी पडले. दगड होता. मग सुटली."

"दोन्ही स्की सुटल्या?"

"दोन्ही."

"पाय?"

"फाइन."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "उद्या हेल्मेटचा पट्टा नीट लाव." आणि जेवायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात मी चकल्या केल्या, पितळेच्याच सोऱ्यानं, आणि त्या काश्मिरी माणसाला डबा भरून पाठवला. दिला तो किलोभर, नीट जोखून.