पुढची बत्ती, मागची बत्ती

चौत्राबाई सकाळी मला नावानं हाक मारायची न्हाई. दारात सायकल उभी करायची, एक पाय भुईवर टेकवायची आन इचारायची, "हाय का जित्ती?" म्या आतून म्हणायचं, "हाय." मग शाल गुंडाळून भाईर यायचं आन तिच्या मागं कॅरेजवर बसायचं. कैक वर्सं असंच चाललं. एकदा म्या म्हणलं, "सक्काळी सक्काळी काय अभद्र इचारतीस गं?" तर म्हणली, "मेली असशील तर वाट कशाला बघू? तिकडं पोरी उपाशी बसतील."

पोरी म्हंजी उमरीच्या होस्टेलातल्या. आमी दोघी तिथं भाकरी थापायला. दिवस उगवायच्या आत चुली पेटल्या पाह्यजेत, न्हाईतर ठेकेदार म्हणायचा, "उद्यापासून दुसऱ्या बाया बघतो." आन गावाकडची एसटी यायची उन्हं वर आल्यावर. म्हणून सायकल.

सायकल दांडीची, पुरुषाची. तिच्या मालकाची. मालक वारले तवा दीर सायकल न्यायला आला. ही म्हणली, "भावजी, मी शिकायलेय." अन् खरंच शाळेच्या पटांगणात शिकली. पडली, गुडघे फोडून घेतले. बाया बघायला जमल्या. एक म्हणली, "चौत्रे, या वयात? पोटऱ्या दिसायल्यात की गं!" चौत्रानं कासोटा अजून वर खोचला. "दिसू दे की. दोनच हायत."

दिसू दे की, हे तिचं कायमचं बोलणं. लुगड्याचं ठिगळ दिसलं, दिसू दे की. केस पिकले, दिसू दे की. मला न्हाई जमलं तसं. मपले मालक तिच्या मालकाच्या आधीच गेले. लेक लातूरला, त्याचं त्यालाच पुरंना. म्या मान खाली घालून काम करायची. रडून काय व्हतंय? चूल तर पेटवावीच लागती.

आमच्याकडं थंडीत धुई पडती. त्यात उसाचा हंगाम. एका फाटंला पुलाच्या अलीकडं भर रस्त्यात उसाची ट्रॉली उभी. मागं बत्ती न्हाई, काही न्हाई. चौत्राच्या हँडलला मालकाची जुनी सेलची बॅटरी चिंधीनं बांधलेली, तिचा उजेड म्हंजी पिवळा ठिपका. आमी जाऊन सरळ ट्रॉलीत घुसलो. उसाचं बुडूक तिच्या गालात शिरलं, म्होरले दात गेले. मपलं मनगट मोडलं.

दीर आला आन दारातच सुरू झाला. "वहिनी, बस झालं आता. घरी बसा. तुमी अशा रस्त्यात पडलात तर मी गावाला तोंड काय दाखवू?"

चौत्रानं रगत थुकलं. "तोंड मपलं फुटलंय भावजी. तुमचं हाय तसंच हाय."

मपलं प्लॅस्टर निघाल्यावर मला घेऊन ती उमरीत सायकलच्या दुकानात गेली. म्हणली, "बत्ती दाखव रं बाबा." दुकानदार तरणा व्हता. त्यानं आधी डायनमो काढला. चाकाला घासून पेटतो तो. चौत्रा म्हणली, "नको. चढ आला की पाय मंद, पाय मंद की बत्ती मंद. जवा भ्या वाटतं तवाच इझती ही." मग त्यानं डोक्याला बांधायची बॅटरी काढली, लोक पिकाला पाणी द्यायला लावतेत ती. तिनं पदरावरून बांधून बघितली. "ही जिकडं मान तिकडं. पारूनं मागून काय म्हणलं आन म्या वळून बघितलं, की रस्ता आंधळा." मग एक लुकलुक करणारी आली. "ही लगनाच्या मांडवाला लाव."

दुकानदार बेजार झाला. "मावशी, तुमाला रस्ता दिसाया पाह्यजे का तुमी लोकाला दिसाया पाह्यजे?"

"दोन्ही."

मग त्यानं चार्जिंगची पांढरी बत्ती काढली, हँडलला आवळायची. मागं लावायला एक तांबडी. चौत्रा म्हणली, "शटर खाली घे."

"आं?"

"शटर घे खाली. उन्हात बत्ती बघून काय कळतंय?"

म्या तिला चिमटा काढला. "चौत्रे, लोक काय म्हणतील? दुकानात शटर लावून..."

"तू हाईस की साक्षीला."

शटर खाली आलं. दुकानात अंधार गुडुप. तिनं बत्ती लावून भुईवर धरली, भिंतीवर धरली, मग दुकानदाराच्या तोंडावर धरली. तो डोळे झाकून वरडला, "मावशी!" चौत्रा म्हणली, "म्हंजी ही खाली वाकवून लावायची. समोरच्याला आंधळं करायचं न्हाई." त्या साली तिनं चप्पल घेतली न्हाई, स्वेटर घेतला न्हाई. दोन्ही बत्त्या घेतल्या.

तांबडी बत्ती मडगारला लावली तर मपल्या लुगड्यानं झाकून जायची. मग चौत्रानं ती पिनंनं मपल्या शालीला पाठीवर टोचली. "आजपसून मागची बत्ती तू."

म्या म्हणलं, "मपल्या पाठीवर काय पेटलंय ते मला तर दिसंना."

"तुला कशाला दिसाया पाह्यजे?"

आता खरं सांगते. गावाच्या भाईर बाभळीखाली, रस्त्याच्या दोन्ही अंगाला, फाटंला गडीमाणसं टमरेल घेऊन बसायची. गावात घरोघर संडास बांधलेले, पण त्यात गवऱ्या आन सरपण. आमी अंधारातून चाललो की गडी खाकरायचे. कुणी म्हणायचा, "आली बरं का गाडी." कुणी म्हणायचा, "मागचं वझं जड दिसतंय." म्या पदर तोंडावर घ्यायची. चौत्रा बिगीबिगी पायडल मारायची. पुलाच्या पलीकडं बायांची जागा. त्या बिचाऱ्या चाहूल लागली की उठून उभ्या राह्यच्या, मान खाली घालून.

नव्या बत्तीची पहिली सकाळ. उजेड बाभळीवर पडला आन एकच कालवा झाला, "पथक आलं! पथक!" त्या सालात तालुक्याचं पथक फाटंला बॅटऱ्या घेऊन हिंडायचं, भाईर बसणाऱ्याला धरायचं. गडी धोतरं सावरत तुरीत पळाले. उपसरपंच काटेरी कुपाटीत पडला. एक टमरेल गडगडत आमच्या चाकाखाली आलं.

चौत्रा हासली न्हाई. पूल आला तशी ती खाली उतरली, घंटी हळूच वाजवली आन बत्तीवर हात ठेवला. बोटं तांबडी लाल झाली, तेवढ्याच उजेडात सायकल ढकलत बायांची जागा वलांडली. मग हात काढला.

दुपारा आमी परतलो तर उपसरपंच ग्रामपंचायतीम्होरं बसलेला, कोपरं सोललेली. शेजारी दीर.

"चौत्रे, गावाची अब्रू हाय का न्हाई? तिथं आलं की बत्ती इझवत जा."

"न्हाई दादा."

"बायांजवळ झाकतीस ना? मग आमीच काय केलं?"

"बाया आमाला बघून खाकरत न्हाईत."

दीर उठला. "वहिनी, ऐका. न्हाईतर तुमचं उमरीला जाणंच बंद व्हईल. रस्त्यानं जाऊ देणार न्हाई कुणी."

"रस्ता सरकारचा हाय भावजी, तुमच्या बुडाचा न्हाई. संडासातल्या गवऱ्या काढा भाईर, तिथं कुणाची बत्ती येत न्हाई."

दुसऱ्या फाटंला बाभळीजवळ दगड आला. पांढऱ्या बत्तीची काच फुटली, म्होरं सगळा अंधार. अंधारात हासायचा आवाज. म्या म्हणलं, "चौत्रे, माय, मागं फिर." तिचा पाय भुईवर टेकला. म्या समजले, आता ही फिरती. आमचं काम गेलं, चूल गेली.

तिनं मपल्या पाठीवरली तांबडी बत्ती काढली. "तांबडी तर तांबडी." ती हातात घेऊन सायकल ढकलत बाभळीखाली गेली आन पहिल्याच गड्याम्होरं थांबली.

"जयभीम, उपसरपंच दादा! बसा, बसा, उठू नका. कोपर बरं हाय का?"

ही फुडं सरकली. "कोण, भावजी का? बसा की. पोरीला पाव्हणे आलते म्हणं, जमलं का?" तिसऱ्याला म्हणली, "तुमची म्हैस व्याली का वो?" घाई न्हाई, वरडणं न्हाई. ज्याचं त्याचं नाव घेऊन, घरची खुशाली इचारून, उत्तराची वाट बघत उभी राह्यची. गडी टमरेल म्होरं धरून भुईकडं बघायलेले. म्या पहिल्यांदा पदर तोंडावरून काढला.

काच बदलून आणली तरी तिनं खुशाली इचारणं सोडलं न्हाई. रोज थांबायची. हळूहळू बाभळीखाली कुणी दिसंना. एक दिवस उपसरपंचाची बायको आडावर मला म्हणली, "पारूबाई, आमच्या संडासातल्या गवऱ्या निघाल्या बरं का. आता मलाबी कडी लावून बसता येतंय." इकडं तिकडं बघितलं आन घागर उचलून गेली. पण पुलापलीकडच्या वस्तीत ज्यांना संडासच न्हाई, त्या बाया अजून तिथंच येत्यात.

गेल्या थंडीत चौत्राच्या छातीत कफ भरला. नांदेडच्या दवाखान्यात म्या उशाला बसलेली. बोलायला दम पुरंना. तरी इचारलं, "पारे, बत्ती चार्जिंगला लावलीस का?" म्या म्हणलं, "हाव." तिनं डोळे मिटले. मग इचारलं न्हाई काही.

माती झाल्यावर दीर सायकल घेऊन गेला. म्या भांडले न्हाई, मला कुठं चालवता येती? पण बत्त्या म्या आधीच सोडून घेतल्या व्हत्या.

कामावर जायची पहिली फाटं, चालायचं म्हणून रोजच्या आधीच उठले. दारात कुणी इचारलं न्हाई. कडी लावताना म्या आपलीच म्हणले, "हाय." मागची बत्ती एकटीला पाठीवर टोचता येईना, म्हणून आधी शालीला टोचली, मग शाल पांघरली. पुढची हातात घेतली आन चालत निघाले.

बाभळीजवळ कुणी तरी खाकरलं.

पाय थांबले. मग म्या बत्ती समोर धरली आन जवळ गेले. दीर.

"भावजी का? बसा, बसा. चौत्राबाई गेली म्हणून आलात व्हय परत?"

म्या उत्तराची वाट बघत उभी राह्यले. त्यो उठला, धोतर सावरलं, गावाकडं चालायला लागला. म्या तिथूनच पार गावाच्या वळणापर्यंत त्याच्या पायाम्होरं उजेड धरला, ठेचकाळू नये म्हणून.

मग पूल आला. पलीकडं बाया उठायलेल्या. म्या बत्तीवर हात ठेवला. मपलीबी बोटं तशीच लाल झाली. जागा वलांडली आन हात काढला.