शिळं पाणी

पुण्यात पाणी शिळं होतं. रोज नवं येतं, म्हणून कालचं फेकायचं, हा इथला रिवाज. बायको शनिवार पेठेत वाढलेली. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्येही सकाळी नळ आला की ती आधी कालची कळशी नि पिंप सिंकमध्ये रिकामं करते. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. वडील गेले आणि आई यवतमाळकडच्या आमच्या गावाहून इथे राहायला आली, तेव्हा दिसलं. तिची अर्धी हयात विहिरीवर पाणी भरण्यात गेली. अर्ध्या बादलीत तिची आंघोळ उरकायची. कळशी उपडी झाली की ती तोंड फिरवायची.

एके दिवशी सकाळी मुलगी परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करत बसली होती.

"बाबा, एक्स्ट्रॅव्हॅगंट म्हणजे काय?"

मी पंडिताच्या थाटात सांगितलं, "उधळ्या. माणसाला म्हणतात, लग्नाला म्हणतात, कुणी भलतीच स्तुती केली तर तिलाही म्हणतात. गरजेपेक्षा फार जास्त, एवढं लक्षात ठेव."

"मंग आपलं घरच तसं हाये," आई म्हणाली.

बायको तेव्हा कळशीच उपडी करत होती. दुपारी आईनं पिशवी भरली. "मले इथं करमत नाही बाप्पा. उद्या गाडीत बसवून दे."

पन्नाशीच्या माणसानं आई चालली म्हणून रडू नये. मी रडलो.

दुसऱ्या दिवशी नळ आला, पण सिंकमध्ये पाणी ओतल्याचा आवाज काही आला नाही. बायकोनं कालचं सगळं पाणी तापवलं होतं. "आई, बसा," म्हणत तिनं आईला बाथरूममध्ये पाटावर बसवलं, केसांना शिकेकाई चोळली आणि तांब्यावर तांब्या ओतत सुटली.

"अवं, किती पाणी ओतून राह्यली तू!"

"शिळंच आहे. तसंही फेकणारच होते."

आई हसली. वडील गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. केसांना पंचा गुंडाळून ती बाहेर आली, तेव्हा मी भीतभीतच विचारलं, "निघायचं ना?"

"ओल्या केसानं कुठी जाऊ? वाळू तर दे."

उन्हाळा संपत आला. ते केस अजून वाळलेले नाहीत.