मागून बसलेलं सांबर

कमरुद्दीनभाईंच्या हातात कातडं द्या, ते मरण सांगतील. कुठून गोळी लागली, जनावर तिथंच पडलं का धावलं, धावलं तर किती तास जितं होतं, सगळं. करंगळी भोकात घालायची, कडेचे केस फुंकरीनं बाजूला सारायचे नि बोलायचं.

"बाबाजी, ह्ये बघ. कड सुजून जाड झालीय. म्हंजे रात काढली बिचाऱ्यानं."

बाबाजी म्हणजे मी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमची शेड आहे. आफ्रिकेतनं शिकारी शेठलोकांची कातडी मिठात घोळून येतात, आम्ही ती पुन्हा उभी करतो. फोमचं धड तासायचं काम माझं, त्यावर कातडं चढवून शिवायचं भाईंचं. आधी ते सोफे शिवायचे. गिऱ्हाईक म्हणतं, एका गोळीत पाडला. कातड्यावर भोकं तीन. भाई वाकड्या सुईनं दोन आतून अशी मिटवतात की शेठला स्वतःलाच आपलं खरं वाटावं.

मी गुहागरकडचा, ते संगमेश्वराकडचे. आमच्या बोलीला टॉवरातली मराठी माणसं हसतात. हसोत. आम्हाला तिच्यात भूक लागते नि तिच्यातच झोप येते. भाई सत्तावीस वर्षं इथं आहेत. लगीन केलं नाही. थोरला भाऊ अलीमियाँ मधाचं पोळं काढताना कड्यावरून पडून गेला, तेव्हा भावजय कुबरा आणि दोन वर्षांचा अर्सलान मागं राहिले. त्या पोराला भाईंनी शिकवलं, इथं आणलं. आता तो जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात आहे. दर शुक्रवारी नमाजानंतर डबा घेऊन चाचाकडं येणार, फोन लावून आईला दाखवणार. कुबराभाभी तिकडनं ओरडणार, "दाढी वाढलीय तुमची, कमरूभावजी! फकीर झालाव काय?" भाईंचा सगळा आठवडा त्या एका हाकेवर चालायचा.

त्या शुक्रवारी अर्सलान आला तो उड्या मारतच. भाई एका कुडूचं कातडं बघत होते. कुडू म्हणजे आपल्या सांबराएवढं हरण, शिंगं पिळाची.

"चाचा, मंगळवारी फ्लाइट! आमचे सर आम्हा चौघांना आफ्रिकेत घेऊन चाललेत. शिकार! रायफल थ्री सेव्हंटी-फाइव्ह. म्हैस पण बसते तिनं, यू नो?"

"जागेवर लागली तर बसतंय," भाई म्हणाले. "पायाच्या खुरात मारलीस तर तोफ असली तरी जनावर चालत जातंय. गोळी मोठी म्हणून नेम मोठा व्हत नाय."

"मग जागा कुठली?"

भाईंनी कातडं पसरलं. पुढच्या पायाच्या मागं, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर बोट टेकवलं. "हितं. आत काळीज नि फुप्पूस. जनावर तिरकं उभं असलं तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरायचा नि त्याच्यावर नेम घ्यायचा. आडवं होईपर्यंत थांबलास तर लाख बरं."

अर्सलाननं मान हलवली. "नो नो. छातीत मारली तर सुरी पोचायच्या आत खलास. मग ते मांस आम्हा लोकांना खाता यायचं नाही. सरांनी ठरवलंय, मागं मारायची. कंबर मोडली की बसेल. मी धावत जाऊन गळ्यावर सुरी फिरवून जबह करीन. सगळ्यांत यंग मीच ना!" आणि त्यानं पिशवीतनं नवीकोरी सुरी काढून दाखवली.

भाईंच्या हातातली सुई खाली पडली. मी उचलून दिली, त्यांनी घेतली नाही.

"नाय जायाचं."

"चाचा, यल्ला, काय लहान मुलासारखं..."

"मागं लागलेलं जनावर बसतंय, मरत नाय. मागचं मेलेलं, पुढचं जितं."

अर्सलान हसला. "तुम्ही आयुष्यभर मेलेली कातडी शिवलीत, चाचा. कधी बंदूक धरली तरी आहे?"

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस, बाबाजी. तू पण ऐक."

आणि कातड्यावर दोन्ही तळवे टेकून सांगत गेले. पोराकडं बघत नव्हते.

"एकदाच धरली. ठासणीची. हाका घातला व्हता, सांबर आलं. जुनी माणसं मानेच्या मुळाशी मारायची. जनावर जागीच पडायचं, श्वास तेवढा ऱ्हायचा, सुरी पोचायची. माजा हात कच्चा. मान हुकून छातीत लागली तर सगळं मांस वाया, सगळा गाव हसणार. म्हणून मागचा पुठ्ठा मोठा दिसला, त्याच्यावरच बार टाकला. बसलं सांबर. सुरी घेऊन तुजा बा धावला. शिंग धरलंन. पुढचं अंग जितं व्हतं रे त्याचं. एकच हिसडा दिलान."

भाईंनी कातड्यावरची एक सुरकुती तळव्यानं सपाट केली.

"शिंग पोटात गेलं. खाली रस्त्यावर आणेपर्यंत संपला. शिकार चोरीची, फॉरेस्टवाले आले असते, म्हणून गावानं मधाचं पोळं सांगितलं. मी बी सांगितलं."

अर्सलाननं सुरी टेबलावर ठेवली. मग इंग्रजीचा एक शब्द न घालता, अगदी हळू विचारलं, "अम्मीला माहिती आहे?"

"नाय."

"सत्तावीस वर्षं तिच्याशी फोनवर हसत होतात?"

पोरानं डबा उचलला, परत ठेवला आणि गेला. सुरी टेबलावरच राहिली.

मी म्हटलं, "भाई, बंदूक हाताळायला अवघड हाय, एवढं सांगून थांबवला असतास तरी..."

"थांबला नसता. तुला दिसलं न्हाय का? बापाचा पाय हाय त्याचा. धावणारा."

त्या शुक्रवारनंतर अर्सलान आला नाही. कुबराभाभीचा फोन एकदाच आला, मंगळवारच्या आत; पोरानं तिला सांगितलं असणार. भाईंनी कानाला लावला, ऐकत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी फोन उलटा करून ठेवला. दाढीवरून तर कुणी काही म्हणालंच नाही.

पाच महिन्यांनी एक खोका आला. आत कुडूचं कातडं. चिठ्ठीवर अर्सलानचं नाव, वर ऑफिसचा पत्ता. भाईंनी ते मला उघडू दिलं नाही. स्वतः पसरलं. आधी गळा पाहिला, इकडनं तिकडनं, केस फुंकून. सुरीचा माग कुठंच नव्हता. मग पुठ्ठा. साफ. मग पुढच्या पायामागं करंगळी गेली आणि थांबली.

"एकच," ते म्हणाले. "जागेवर."

"पडलं असेल तिथंच?"

"चार पावलं. ज्यास्त नाय."

दोन आठवडे ते त्या एका जनावरावर बसले. मला फोम चारदा तासायला लावला. ते भोक असं मिटवलं की मलाही सापडेना. पोर स्वतः न्यायला येईल म्हणून शुक्रवारी दाढी करून बसले होते.

ऑफिसचा ड्रायव्हर आला. सही केली, कुडू गाडीत आडवं घातलं, पट्टे आवळले. भाईंनी कपाटातनं कागदात गुंडाळलेली ती सुरी काढली होती, द्यायला म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, इसका तो साहब ने कुछ नहीं बोला."

गाडी गेली. भाई सुरी तशीच हातात धरून आत आले, नि दुसरं कातडं ओढलं. त्याला भोकं तीन होती.