दोघं भाऊ आणि देवका

जाम गावी दिलेल्या देवकाबाईचं माहेर रोहण्याचं. १९८४ साली तिचा धाकटा भाऊ चंद्रभान, बावीस वर्षांचा धडधाकट गडी, दात घासताना रक्त थुंकू लागला. मार लागलेला नसताना अंगावर काळेनिळे डाग उठले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी हाडात सुई घालून तपासलं. हाडातला मगज वाळलाय, म्हणाले, रक्त तयारच होत नाही. मुंबईत आता नवा इलाज निघालाय. सख्ख्या भावंडाच्या कमरेच्या हाडातून मगज ओढून घेतात आणि रोग्याच्या शिरेतून सोडतात. जुळला तर पोरगा वाचेल.

"याला सख्खी भावंडं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन भाऊ हायेत जी," वडील नानाजी म्हणाले.

दोघंही मुंबईला रक्त देऊन आले. एकाचंही जुळलं नाही. मग वर्ध्याच्या दवाखान्यात नुसत्या रक्ताच्या बाटल्या चढवून दिवस ढकलणं आलं. देवकाबाई दर रविवारी एसटीनं यायची, मऊ भात भरवायची, पाय चेपायची, नवस बोलायची. असे पाच महिने! लेक दिली की ती त्या घरची, हे तिच्याही इतकं हाडीमाशी खिळलेलं की आपलंही रक्त तपासावं हे तिला सुचलंच नाही. काय म्हणावं या शहाणपणाला!

एका रविवारी रक्त कमी पडलं. देवकाबाईनं हात पुढे केला.

"तुम्ही कोण?" डॉक्टर.

"याची मोठी बहीण."

"सख्खी?" डॉक्टर नानाजींवर कडाडले, "मग सांगितलं का नाही?"

"ते तं जामले देल्ली ना जी," नानाजी चाचरले. "देल्ल्या पोरीले कसं मांगाव?"

तिचं रक्त मुंबईला गेलं आणि तंतोतंत जुळलं. पण पत्र आलं तेव्हा चंद्रभान चार दिवस तापानं फणफणत होता, प्रवास झेपणारा नव्हता. दोन दिवसांनी तो गेला.

देवकाबाईला रडू येईना. तिला संताप आला होता, बापाचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"मी तं अथीच बसून होती, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या खाटीपाशी."

दोन वर्षांनी नानाजींचा मोतीबिंदू काढायला तीच त्यांना आर्वीला घेऊन गेली. कागद भरताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "लेकरं किती, बाबा?"

"तीन. दोघं पोरं, आन् हे माही देवका," नानाजी म्हणाले. "हिचं नाव पहिले लिहा."

देवकाबाईनं तोंड फिरवलं. हे एवढंच तिला बापाच्या तोंडून ऐकायचं होतं, पण वर्ध्याला, पहिल्याच दिवशी.