म्यानआबांचा पाय

म्यानआबांच्या पायांची बोटं आमच्या हातांच्या बोटांपेक्षा हुशार होती. कराडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आणि बरोबर समोर माझं, ब्लाउज शिवायचं. दिवसभर मशीन चालवताना मान वर केली की आबांचे पाय दिसायचे. आबा पाय पुढे पसरून बसत, तलवारीचं म्यान दोन तळव्यांत धरत आणि अंगठ्यानं ते असं फिरवत की बघणाऱ्याला वाटावं, ते आपणहून वळतंय. हात मोकळे राहत. एकात कातडं टोचायची आरी, दुसऱ्यात मेण लावलेला दोरा. "तुमाला दोन हात हायत, मला चार," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. त्यांचं खरं नाव बहुतेक पोस्टमनलाच ठाऊक असावं.

खंडेनवमीच्या आधी गावोगावच्या देवळांतल्या तलवारी त्यांच्याकडे येत, लग्नसराईत नवरदेवांच्या. शिवजयंतीला मिरवणुकीतल्या पोरांना चामडी चिलखतं आणि शिपायांच्या टोप्या लागत, आणि जत्रेत सोंगं काढणारी मंडळी मुखवटे करून नेत. आबांची अट एकच: ज्याला घालायचं ते समोर पाहिजे. तलवार असो नाहीतर माणूस. कुणी मोबाइलवर माप पाठवलं की ते मला हाक मारून ऐकवत, "बघ गं, ह्यो फोटूला म्यान करा म्हनतोय."

याचं कारण त्यांच्या कामाच्या रीतीत होतं. आबा कातडं रात्रभर भिजत घालत. सकाळी ते मऊ झालं की तलवारीभोवती लावलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर ताणून ओलं असतानाच शिवत आणि सावलीत ठेवून देत. सुकताना कातडं आवळतं, आणि मग ते म्यान उलटं धरून झटकलं तरी तलवार खाली पडत नसे. "ओल्यात धरलं की सुकल्यावर सोडत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चिलखतही ते असंच करत. ओलं कातडं पोराच्या अंगावर चढवायचं आणि सुकेपर्यंत त्याला पायरीवर बसवून ठेवायचं. शिवजयंतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या गल्लीत अशी पाच-सहा पोरं ताठ बसलेली असायची, मान वळवायची सोय नाही, आणि आबांच्या बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, एकेकाच्या तोंडाला चहाचा कप लावत फिरायच्या. मी हसायचे. आबा डोळे वटारायचे.

साखरेचा आजार त्यांना फार वर्षांपासून होता. आधी पायांची आग व्हायची, मग ती थांबली. आबांना वाटलं, बरं झालं. खरं म्हणजे पाय बधिर झाले होते. एकदा देवीच्या तलवारीचं म्यान शिवताना त्यांना कातड्यावर रक्त दिसलं. म्यान उचलून बघतात तो आरी आरपार जाऊन उजव्या पायाच्या अंगठ्यात शिरली होती. कधी शिरली, हे त्यांना सांगता येईना. हळद दाबली आणि पुन्हा शिवायला बसले. त्या जखमेनं आधी अंगठा नेला, मग पाऊल, आणि शेवटी मिरजेच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

घरी आले तेव्हा आबा तसे शांत होते. जखम नीट भरली की तयार पाय बसवू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तसा एक पाय त्यांना दाखवलाही होता. मी विचारलं, "कसा हाय, आबा?"

"चालायला झ्याक हाय. पर त्याला काय बी धरता येत न्हाई," ते म्हणाले. "मला चालून कुटं जायाचंय गं? मला धरायला पाय पायजे."

मग त्यांनी स्वतःच पाय करायला घेतला. उरलेल्या पायाच्या खुंट्यावर चढेल अशी कातडी पिशवी, आणि तिच्या टोकाला काम पकडायला लाकडी चिमटा. माप घेणार कशाचं? खुंटा तर समोरच होता. आबांनी कातडं भिजवलं, खुंट्यावर ताणलं, तसंच शिवलं आणि पाय सावलीत पसरून दिवसभर बसून राहिले. मिरवणुकीतल्या पोरांना बसवायचे, तसेच. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून चिमट्यात म्यान धरून दाखवलं. घट्ट बसलं होतं. कितीतरी महिन्यांनी आबांचा चेहरा फुलला होता. "जरा बी दुखत न्हाई बघ," ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी घरी जाऊन शिरा केला आणि वाटीभर त्यांना नेऊन दिला.

पुढचे काही दिवस ते पाय काढायला तयार नव्हते. झोपतानाही नाही. कातडं आवळत गेलं. तलवारीला आवळलेलं चालतं. मांसाला चालत नाही, आणि ज्याला दुखतच नाही त्याला हे कळणार कसं? वास आधी आक्कांना आला. पिशवी निघेना, तेव्हा त्यांनी रापीनं ती चिरली. आतली कातडी काळी पडली होती. पुन्हा मिरज, आणि या वेळी पाय मांडीपासून गेला. जन्मभर जे हातात मुरलं होतं त्यानंच माणसाचा घात करावा, याचा मला आजही संताप येतो. तो कुणावर काढावा हे मात्र कळत नाही.

त्यानंतर आबांसाठी काम धरायला आक्का बसू लागल्या. दोन्ही हातांनी म्यान धरत, पण त्यांचे हात कापत. आबा सुरुवातीला ओरडत, मग ओरडेनासे झाले. वाठारच्या एका नवरदेवाचं म्यान दोघांनी असंच पुरं केलं. पाठीवरची शिवण ओबडधोबड झाली होती, दोन ठिकाणी तर टाके एकमेकांवर चढले होते. आबा ते उसवायला घेणार, तोच नवरदेवाचा भाऊ गाडीवरून आला. मी पाणी द्यायला तिथंच होते.

"आज न्हाई मिळायचं," आबा म्हणाले. "शिवण चुकलीया. उसवून देतो."

त्यानं म्यान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, शिवणीवरून बोटही फिरवलं. "कुटं काय चुकलंय? लय भारी झालंय की, आबा." त्यानं आबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, म्यान पाठीला अडकवलं आणि गेला.

आबांनी उसवायला घेतलेली आरी खाली ठेवली. मग मला म्हणाले, "त्याला खरंच दिसलं न्हाई व्हय गं?"

"न्हाई दिसलं, आबा."

"मंग आदी नीट शिवलेलं बी दिसत नसंल. कुणालाच."

मला दिसत होतं, रोज समोरून दिसत होतं, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आक्कांना दुकान आवरायला सांगितलं. पुन्हा आरी हातात घेतली नाही. श्रावणात ते गेले. खंडेनवमीच्या तोंडावर एका देवळाची माणसं तलवार घेऊन आली, बंद दाराशी थोडा वेळ उभी राहिली आणि बाजारात मखमलीचं म्यान मिळतं का, ते मला विचारून गेली.

आता माझा टाका वाकडा गेला की हात उसवायला जातो. तेवढ्यात आबांचं ते बोलणं आठवतं आणि मी टाका तसाच राहू देते. अजून एकही बाई त्यासाठी ब्लाउज परत घेऊन आलेली नाही.