मामांचा टीपकागद

हिच्या मामांपासून डोंबिवलीत आजवर कुणाचंही काहीही लपून राहिलेलं नाही. अट एकच, तुमच्याकडे गाडी हवी. पायी हिंडणारा माणूस म्हणजे मामांच्या लेखी बंद पाकीट. पण एकदा का तुम्ही चारचाकी घेतलीत आणि मामांनी बॉनेट उघडून, ऑईल मोजायची डिपस्टिक उपसून, तिच्या टोकाचा एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर टेकवला, की तुमचं काही खरं नाही. ठाण्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी वीस-बावीस वर्षं इंजिन ऑईल तपासलं. पुढे कारखाना बंद पडला, पण तपासायची सवय काही सुटली नाही. थेंब टेकवला की ते खुर्ची ओढून समोर बसतात. थेंब पसरायला लागतो. मध्ये काळा ठिपका, त्याभोवती तपकिरी वलय आणि त्याच्याही बाहेर आणखी एक, इतकं फिकट की आहे की भास होतोय ते कळू नये. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, पंखासुद्धा लावायचा नाही. मग मामा चष्मा कपाळावर सरकवतात आणि समोरच्याकडे न बघता, खालच्या आवाजात, त्याच्याबद्दल काहीतरी सांगतात.

त्यांच्या तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे. रविवारी गाडी पुसायची आणि सोमवारपासून झाकून ठेवायची, एवढाच त्यांचा वाहनसंसार. त्यांच्या थेंबाकडे बघून मामा म्हणाले, "तुमची गाडी रोज दुपारी बाहेर जाते. थोडीशीच जाते. बंद पडते, सुरू होते, पुन्हा बंद पडते." गृहस्थ पांढरेफटक पडले. गाडीची किल्ली घरात, घराची किल्ली बायकोकडे आणि गाडी दुपारची एकटीच हिंडते! त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली, आरशाला काळा दोरा बांधला. आठवड्याभराने उलगडा झाला. त्यांची बायको नवऱ्याला चकित करायचं म्हणून गुपचूप गाडी शिकत होती. मामांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त "असेल" म्हणाले, जणू भूत निघालं असतं तरी त्यांची हरकत नव्हती.

आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा जेवणानंतर मामांनी मला "जरा पडा, जावईबापू," म्हणून मागच्या खोलीत नेलं. डोळा लागतो न लागतो तोच मी दचकून उठलो. खोलीभर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले शे-दीडशे टीपकागद. प्रत्येकावर एक काळं बुबुळ, माझ्याकडे रोखलेलं. वारा नव्हता, तरी त्यातले एक-दोन कागद हळूच वळले. मी बाहेर येऊन सोफ्यावर बसलो. मामी हसून म्हणाली, "तुम्हीही तिथे झोपू शकला नाहीत का? बरं झालं."

आता चांगलं ऑईल कुठलं, हा प्रश्न मामांना विचारायची सोय नाही. "कुणासाठी?" असं ते उलट विचारतात आणि मग तुमची उलटतपासणी सुरू होते. पुलाचा चढ कुठल्या गिअरमध्ये चढता, सिग्नलला इंजिन बंद करता का, शेजारी कोण बसतं, तिच्याशी भांडता का. कॅनवरच्या आकड्यांपैकी पहिला इंजिन गार असतानाचा पातळपणा सांगतो आणि दुसरा तापल्यावरचा दाटपणा, एवढं ते कुणालाही समजावतात. पण त्यापलीकडे कॅनवर जे काही छापलेलं असतं ते सगळं त्यांच्या मते कॅन विकण्यासाठी असतं.

एकदा शीळफाट्याकडच्या गावातला एक जमीनदार दांडगी परदेशी गाडी घेऊन आला. नुकतीच कुणाकडून तरी घेतलेली. गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या, पण मामांसमोर शाळकरी पोरासारखा उभा. "मामा, ही गारी लय पलते. दुकानवाला बोलतंय रेसिंगवाला तेल टाक. तुमी सांगा, कंचा टाकू?" मामांनी ऑईल भरायचं झाकण काढलं. आत साय धरल्यासारखं काहीतरी चिकटलं होतं. ते त्यांनी बोटावर घेतलं आणि, मी शपथेवर सांगतो, जिभेला लावलं. "कुठलंच नको. ही गाडी बुडालेली आहे. खाडीत." माणूस हसला. मग त्यानेही बोट लावून चाखलं आणि त्याचं हसू गेलं. त्याचे आजोबा मिठागरात राबलेले. त्याला कुणी मीठ ओळखायला शिकवायची गरज नव्हती. "आपल्याच खारीचा हाय," तो पुटपुटला आणि गाडीपासून दोन पावलं मागे सरला. मामा म्हणाले, "तेव्हा आत कोण होतं ते मला विचारू नका. ते कागदावर उमटत नाही." गाडी तो घेऊन गेला, पण खिडक्या सगळ्या उघड्या ठेवून.

तर अशा माणसाकडे माझा मुलगा निनाद आपण होऊन गाडी घेऊन आला. ऐरोलीला आयटीत नोकरी, हौसेने घेतलेली टर्बो गाडी, ॲक्सिलरेटरला पाय लावला की पाठ सीटला चिकटते. ऑक्टोबरातली रविवारची सकाळ होती. "मामाआजोबा, नेटवर सगळे झीरो डब्ल्यू फॉर्टी टाक बोलतायत. तुम्ही सांगा ना." मामांनी डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, काढली. असं तीनदा केलं.

"वरून ऑईल घातलंस?"

"नाही ओ. सर्व्हिसिंगला गेलेलो, तेव्हाच काय ते."

"तेल कमी होतं, निनाद. वाढत नाही."

ऑईल खुणेच्या बोटभर वर आलेलं मी स्वतः पाहिलं. उन्हाने अंग भाजत होतं, तरी मला शहारा आला. मामांनी थेंब घेतला, मीटरवरचे किलोमीटर कागदाच्या कोपऱ्यात लिहिले आणि "सांगतो चार दिवसांनी" एवढंच म्हणाले. निनाद न थांबता निघून गेला.

दुपारी मामांनी मला एकट्याला बोलावून घेतलं. कागद टेबलावर होता. ते बाहेरचं फिकट वलय पार कडेपर्यंत पोचलं होतं. "हे पेट्रोल आहे, जावईबापू. इंजिन तासन्‌तास चालू आणि गाडी जागेवर उभी, असं झालं की न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. म्हणून वाढलंय. ही गाडी ऐरोलीला जात नाही. तेवढे किलोमीटरच झालेले नाहीत. कुठेतरी जवळच उभी असते, काचा बंद, एसी चालू, आणि तो आत असतो. दिवसभर."

मला आधी राग आला. मग त्याच्या नोकरीचं ध्यानात आलं, आणि मग बंद काचांचं, आत कोंडणाऱ्या धुराचं. रोज सकाळी मी त्याला "लवकर ये रे" म्हणत होतो आणि तो रोज "ट्राय करतो, बाबा" म्हणत होता. मी उठून घरी निघालो, त्याला गदागदा हलवून विचारायला. मामांनी माझा हात धरला. "आज विचारलंत तर तो खोटं बोलेल, आणि उद्या गाडी आणखी लांब नेऊन उभी करेल. मला आठ दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन मामा आमच्या गेटपाशी हजर. "निनाद, मला ऐरोलीला सोड रे. काम आहे." निनादचा चेहरा बघवेना. ही विचारू लागली, "मामांचं ऐरोलीला काय काम?" मी म्हटलं, "तेल." तिला ते पटलं, मामांच्या बाबतीत तिला काहीही पटतं. शनिवार-रविवार सोडून असे आठ दिवस. संध्याकाळी गाडी वळणावर दिसेपर्यंत मी गॅलरीतून हलत नव्हतो. शेजारच्या सीटवर मामांचं टक्कल दिसलं की मगच चहा घशाखाली उतरायचा.

गाडीत काय झालं ते निनादने मला नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्याला लागल्यावर मामा म्हणाले, "तू रोज थांबतोस तिकडे घे." त्याने अर्धवट बांधकामाच्या एका पत्र्याच्या कुंपणामागे गाडी नेली. "इंजिन बंद कर. काचा खाली घे." एवढं सांगून मामांनी पिशवीतून पेपर काढला आणि घामाने निथळत संध्याकाळपर्यंत वाचला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निनाद रडला. मामांनी पेपरचं पान उलटलं आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

नवव्या दिवशी जेवताना तो खाली बघत म्हणाला, "बाबा, माझा जॉब जुलैमध्येच गेलाय." मी आठ दिवस काय काय ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीएक आठवलं नाही. "भात घे अजून," एवढंच तोंडून निघालं. हिने मात्र ताटावरून उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि तो पोरगा किती हलका झाला ते मी बघत राहिलो.

पुढच्या रविवारी मी मामांकडे गेलो. म्हटलं, "ऑईल सांगायचं राहिलं."

"फाइव्ह डब्ल्यू थर्टी. गाडीबरोबर पुस्तक मिळतं, त्यात लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही."

मग मी मनातलं विचारलं. पेट्रोल कागदावर दिसलं हे ठीक, पण पोरगा आत बसून आहे, घरी सांगू शकत नाहीये, हे कशावरून ओळखलंत? मामांनी मामीच्या खुर्चीकडे पाहिलं. मामी जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता.

"कारखाना बंद झाला तेव्हा मी घरी बोललो नाही. सात महिने. रोज डबा घेऊन निघायचो आणि तलावाकाठी बसायचो. करायला काही नाही, म्हणून डबा चाटूनपुसून खायचो. कामावर असताना कधी पुरता संपत नसे. आठवड्याभरात तीन पोळ्यांच्या चार झाल्या. मला वाटलं, चुकून येतेय एक जास्त. मग एका दुकानात नोकरी लागली. तेही घरी सांगितलं नाही. काय तोंडाने सांगणार? पहिल्याच दिवशी कामाच्या गडबडीत डबा अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी उघडून बघतो, तर पुन्हा तीन."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"तेव्हा मला कळलं, की तिला सगळं माहीत होतं. त्यानंतर तीसेक वर्षं संसार केला आम्ही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही नाही. बोलायला हवं होतं हो."